साताऱ्याच्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपला गुलमर्गला गाईडसोबत एक दिवस स्की टूरिंग (स्की पायांत घालूनच डोंगर चढणे आणि उतरणे) करायचे आहे. नियोजन कसे करावे?

अजिंक्यतारा रोज चढणाऱ्यांना दम पुरेल, परंतु गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेची सवय होण्यासाठी आधी दोन दिवस राखावेत आणि ज्यांना स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर सफाईने वळता-थांबता येत नाही, त्यांना सोबत नेऊच नये. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होत असल्यामुळे मार्ग आणि परत फिरण्याची वेळ गाईडनेच आदल्या संध्याकाळी ताजा इशारा पाहून ठरवावी. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडे हवेच. ती वापरण्याचा सराव निघण्यापूर्वी सगळ्यांनी करावा, कारण बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही, तर आशा झपाट्याने मावळते. मोबाईल ट्रान्सीव्हरपासून दूर ठेवावा. चढताना स्कीखाली लावलेल्या पट्ट्या उतरण्यापूर्वी काढून जॅकेटच्या आत ठेवाव्यात, म्हणजे त्यांचा गोंद गोठत नाही.