याशिकाचा सेल मिळत नाही. कॅमेऱ्यावर खर्च करावा का?

प्रश्न : काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा कॅमेरा माझ्याकडे आला आहे. त्याचा सेल सोलापुरात कुठेच मिळत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची, छायाचित्रे काढण्याची इच्छा आहे. कॅमेऱ्यावर खर्च करणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सेल ही आपली सर्वांत किरकोळ अडचण आहे. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल बनणेच बंद झाले आहे. त्याऐवजी ६ व्होल्टचा लहान अल्कलाइन सेल कागदाच्या नळीत घालून, उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवली, तर एवढा जास्तीचा व्होल्टेज हा कॅमेरा बिनतक्रार चालवून घेतो. मागचे बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागला, की सेल लागू पडला.

खर्चाचा निर्णय मात्र कानाने घ्यावा. फोटो काढल्यावर लिव्हर ओढताना आतून ठळक ‘खट्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल, तर आतली रबराची बारीकशी गादी बहुधा विरून गेली आहे. मग शटर किती वेळ उघडे राहावे याचा हिशेब चुकतो आणि छायाचित्रे भगभगीत येतात. गादी बदलायला कॅमेरा खोलावा लागतो, तेव्हा घरी स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये. आवाज येत असेल आणि भिंगात बुरशी नसेल, तर खर्च अवश्य करावा. ४५ मिमीचे, एफ १.७ पर्यंत, म्हणजे बरेच रुंद, उघडणारे असे भिंग आज या किमतीत सहसा मिळत नाही.

या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र (एफचा आकडा) आपण ठरवायचे आणि शटरचा वेग, ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत, तो स्वतः ठरवतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत नेमकी इथेच फसगत होते, कारण बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेल्या मानकऱ्यांच्या आणि भक्तांच्या पांढऱ्या गर्दीमुळे प्रकाशमापकाला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि चेहरे काळवंडतात. रोल ४०० चा असला, तरी अशा वेळी एएसएची, म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे हे कॅमेऱ्याला सांगणारी, चकती २०० वर ठेवावी, म्हणजे कॅमेरा जास्त उजेड आत घेतो. होम मैदानावर संध्याकाळी पिवळा दिवा लागला, तर वेग १/३० च्या खाली गेला असे समजून कॅमेरा कशावर तरी टेकवावा. ऐन मिरवणुकीत सेल संपलाच, तरी शटर १/५०० वर चालत राहते. भर उन्हात ४०० च्या रोलवर एफ १६ ठेवले की भागते.

आणि भिंगावरचे झाकण आठवणीने काढावे. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही आणि प्रकाशमापकही भिंगाबाहेर आहे, त्यामुळे झाकण तसेच राहिले तरी सारे दिवे नेहमीसारखे लागतात आणि अख्खा रोल कोरा निघतो.