गुलाबासाठी काळी माती काढून टाकावी का?

प्रश्न : आमच्या अंगणात काळी चिकण माती आहे. गेल्या वर्षी ती काढून दोन फुटी खड्ड्यांत विकतची तांबडी माती भरली आणि कलमी गुलाब लावले. पण पावसाळ्यात पाने पिवळी पडून गळाली व निम्मी रोपे मेली. यंदा कोणती माती घ्यावी?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण लिहिता त्यावरून दोष तांबड्या मातीचा नसून ती ज्या खड्ड्यात भरली त्या खड्ड्याचा असावा. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपते, त्यामुळे भुसभुशीत मातीने भरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी उतरते आणि तिथेच साचून राहते. गुलाबाच्या मुळांना हवाही लागते. ती न मिळाल्याने मुळे कुजतात. एक रिकामा खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले, तर कितीही उत्तम माती आणली तरी तिचा उपयोग होणार नाही.

म्हणून जमिनीच्या वर फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. काळी माती मात्र टाकू नये, कारण ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात ती सरस असते. वाळलेली, ढेकळे फोडलेली काळी माती दोन भाग, तांबडी माती दोन भाग आणि शेणखत एक भाग असे मिश्रण घ्यावे. खत पूर्ण कुजलेले, चहाच्या भुकटीसारखे सुटे, शेणाचा वास नसलेले हवे. कच्च्या खतातून हुमणी ही अळी येते आणि ती मुळे कुरतडते.

चुनखडीकडेही लक्ष द्यावे. मातीत पांढरे खडे दिसत असतील, किंवा ढेकळावर व्हिनेगर टाकताच फेस येत असेल, तर चुना बराच आहे. गुलाबाला 6 ते 7 सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा) मानवतो. चुनखडीच्या जमिनीत तो 8 च्या आसपास असतो आणि लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर अनेकजण जिप्सम सुचवतात, पण चुनखडीचा सामू त्याने उतरत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करावी आणि वाफा भरण्यापूर्वी माती तपासून घ्यावी.

भरलेला वाफा भिजवून पंधरवडाभर बसू द्यावा, मग पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, कलमाचा डोळा, म्हणजे कलम जिथे जोडले आहे तो भाग, मातीच्या दोन बोटे वर ठेवून लागवड करावी.