थरथर जाणवली तर

भावा, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून एटीआर, म्हणजे दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान, घेऊन निघालास आणि पायाखाली वेगळीच थरथर लागली, तर आधी विमान सांभाळ. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं चेकलिस्ट काढायची. एका वेळी एकच बदल. एका इंजिनाची पॉवर हळू कमी कर, थांब, बघ. थरथर बदलली तर संशय त्या बाजूच्या इंजिनावर किंवा त्याच्या सहा पात्यांच्या प्रोपेलरवर. ढगात असशील तर पात्यांवरचा बर्फ आठव. केबिन क्रूला ‘कुठल्या रांगेत जास्त?’ विचारायला लाजू नकोस. १९८९ ला इंग्लंडात केगवर्थजवळच्या अपघातात वैमानिकांनी बिघडलेलं सोडून चांगलं इंजिन बंद केलं, ४७ माणसं गेली. मागच्या प्रवाशांना ठिणग्या दिसल्या होत्या की! उतरल्यावर टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, नुसतं ‘व्हायब्रेशन’ खरडू नकोस. उंची, वेग, टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा इंजिनाचा जोर) लिही.