पणजीला बदली झाली आहे. धबधबे आटल्यावर गोव्याच्या डोंगरांत पाहण्यासारखे काय उरते?

पणजीत राहून दोन लहान मुलांसह वर्षभर डोंगरांत भटकता येईल का आणि पावसाळा सरल्यावर तिथे काय उरते, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा प्रश्न मी आमच्या पुण्याच्या भावोजींच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

भटकता येते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण हे तालुके सह्याद्रीला टेकलेले आहेत आणि सकाळी लवकर निघाल्यास पणजीहून एका दिवसात जाऊन येता येते. मात्र या डोंगरांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे हा आहे, आणि ज्या जुलै-ऑगस्टमध्ये सगळे धावत येतात ते महिने इथे उतरण्यासाठी सर्वांत वाईट आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावोजींना हे मान्य नाही. ते जुलैत येतात, धबधब्याखाली उभे राहून छायाचित्रे काढतात आणि गोव्यात डोंगर नाहीतच, नुसते पाणी आहे, असे आमच्याच ओसरीवर बसून सांगतात. पण सत्तरीतून वाहणारी म्हादई नदी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावते. तिकडे माथ्यावर पाऊस कोसळला की खाली ऊन पडलेले असतानाही पाणी चढते, हे सत्तरीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली, तेव्हा भावोजींनी फोन करून तिला सरकारी भित्रेपणा म्हटले. त्याच महिन्यात दूधसागरकडे रुळांवरून चालत निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याचे मला तरी वाईट वाटले नाही.

एका वर्षी घरच्या लग्नासाठी ताई आणि ते मे महिन्यात आले. ही संधी मी सोडणार नव्हतो. भर उन्हात मी त्यांना सांगे तालुक्यातल्या कुर्डीला नेले. साळावली धरणाच्या पाण्याखाली हे गाव १९८० च्या दशकात गेले आणि गावकऱ्यांना वाडे व वाळकिणी इथे हलवण्यात आले. पण उन्हाळ्यात जलाशय उतरला की मे महिन्यात गाव पुन्हा उघडे पडते. तडकलेली माती, चिऱ्यांचे चौथरे, बुजलेल्या विहिरी, माडांचे नुसते बुंधे आणि सभोवार हिरवे डोंगर. सोमेश्वराच्या उत्सवाला जुने गावकरी आले होते आणि एक आजी नातवाला आपली चूल कुठे होती ते चौथऱ्यावर उभी राहून दाखवत होती. किशोरी आमोणकरांच्या ध्वनिफिती भावोजींच्या कपाटात ओळीने लावलेल्या आहेत, परंतु किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर या गावच्या, हे त्यांना तिथे उभे राहिल्यावर कळले. दोन तास ते उन्हात फिरले, पाणी प्यायलाही थांबले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, ‘‘छानच होते, पण हा डोंगर नव्हे, हे धरण.’’ धरण भरते ते डोंगरांतल्या ओहोळांनीच, हे मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो.

बाकीचे थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेत्रावळीतल्या सावरी धबधब्याला पाणीही असते आणि पाऊस ओसरल्याने वाटही धड असते. डिसेंबर-जानेवारीत चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सुर्लच्या बाजूला, पहाटे जावे; तिथली थंडी पणजीत बसून खरी वाटणार नाही. फेब्रुवारीपासून सत्तरीत काजूचा हंगाम सुरू होतो आणि फेणीच्या भट्टीजवळून जाताना बोंडूंचा वास कपड्यांना चिकटतो. मुलांसाठी म्हणाल तर तांबडी सुर्ला: कदंबकालीन महादेव मंदिर, शेजारी ओढा आणि चढ नाही. याहून मोठ्या वाटा त्यांनी थोडे मोठे झाल्यावरच कराव्यात. अभयारण्यात शिरायचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा. गावकऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात.

उन्हाळ्याची एवढी तरफदारी केल्यावर हेही सांगायला हवे की मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते, त्यामुळे धूर दिसला की माघारी वळावे. शिवाय सत्तरीत कोरड्या महिन्यांत माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे आणि घरी येताच मुलांचे अंग तपासावे. नंतर ताप भरलाच तर डॉक्टरांना सर्वांत आधी जंगलात गेल्याचे सांगावे.