कॅलिफोर्नियात काउंटी बोर्डाची मीटिंग कशी चालते आणि आपला विषय तिथे कसा न्यायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घर कॅस्ट्रो व्हॅलीत आहे, जवळच्या चौकात स्टॉप साइन हवा आहे, आणि शेजारी म्हणतात की काउंटी बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बोला. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. ती मीटिंग चालते कशी, आणि एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला तिथे बोलू देतात का?

शेवटचं आधी सांगतो: बोलू देतात. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन ॲक्ट आहे. स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसमोर झाल्या पाहिजेत, असा हा कायदा. त्यातला बोलण्याचा हक्क मतदारापुरता नाही, जनतेतल्या कुणालाही आहे. व्हिसा कुणी विचारत नाही. दाराशी नाव लिहायचा कागद असतो, पण तो भरल्याशिवाय आत सोडणार नाही असं कुणालाही म्हणता येत नाही. बोलायचं असेल तर स्पीकर कार्डावर नाव द्यावं हे बरं, पुकारा करायला सोपं जातं. आई-वडील आले असतील आणि त्यांना मराठीतून बोलायचं असेल, तर दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला दुप्पट वेळ देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

आता तुम्ही योग्य कार्यालयाकडे जाताय का ते बघू, कारण बरेच लोक इथेच चुकतात. तुमच्या बाबतीत शेजारी बरोबर आहेत. कॅस्ट्रो व्हॅलीला पोस्टाचा पत्ता आहे, पण नगरपालिका नाही. ती अलामेडा काउंटीच्या थेट अखत्यारीतली वस्ती आहे, सॅन लॉरेन्झोसारखीच. त्यामुळे रस्ते, झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल त्याचे नियम), बांधकाम परवाने या बाबतीत काउंटी बोर्ड हीच तुमची नगरपालिका. हेच घर फ्रीमॉन्ट किंवा प्लेझंटनमध्ये असतं, तर स्टॉप साइनसाठी सिटी कौन्सिलकडे जावं लागलं असतं. सॅन होकिन काउंटीतलं माउंटन हाउस १ जुलै २०२४ पासून स्वतंत्र शहर झालं, तिथल्या मंडळींचा पत्ता तोच राहिला आणि कार्यालय बदललं. शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्टकडे, राज्य महामार्ग कॅलट्रान्सकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याकडे. आणि गाड्या वेगात जातात म्हणून तिकिटं फाडायला हवीत ही तक्रार असेल, तर काउंटीच्या थेट हद्दीत वाहतुकीची अंमलबजावणी शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) नाही, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल करतं. ती तक्रार बोर्डासमोर केलीत तर सगळे माना डोलावतील आणि काही होणार नाही.

बोर्ड म्हणजे पाच सुपरवायझर, प्रत्येक जण आपापल्या डिस्ट्रिक्टमधून चार वर्षांसाठी निवडून आलेला. राज्यात ५८ काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे तिथे अकरा जण आहेत, बाकी ठिकाणी पाच. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या लॉस एंजेलिसलाही पाच (२०२४ च्या मतदानाने ही संख्या पुढे नऊ व्हायची आहे) आणि जेमतेम बाराशे वस्तीच्या अल्पाइनलाही पाच. मतांचा हिशेब नीट समजून घ्या: ठराव मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं नव्हे, एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे कायम तीन मतं. एखाद्या दिवशी तीनच सुपरवायझर हजर असतील, तर कोरम (बैठकीसाठी लागणारी किमान हजेरी) पूर्ण होतो, पण एकाने जरी विरोध केला किंवा तटस्थ राहिला तरी विषय पडतो. तुमचा विषय वादाचा असेल आणि दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर पुढच्या तारखेला घ्या अशी विनंती करण्यात शहाणपण आहे.

सगळी किल्ली अजेंड्यात आहे. नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो, इमारतीबाहेर आणि वेबसाइटवरही. खास बैठक असेल तर २४ तास. अजेंड्यात नसलेल्या विषयावर बोर्डाला निर्णय घेता येत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या सभेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात ना, तो प्रकार इथे जवळपास बंद आहे. विषय अजेंडा लागल्यानंतर कळला आणि थांबणं शक्यच नाही, असं दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तरच तो घेता येतो. म्हणून तुम्ही उठून स्टॉप साइन मागितलात आणि पाचही जणांना पटलं, तरी त्या दिवशी ते 'मंजूर' म्हणू शकत नाहीत. फार तर एखादा प्रश्न विचारतील, पब्लिक वर्क्सकडे (रस्ते सांभाळणाऱ्या काउंटीच्या खात्याकडे) पाठवा म्हणतील, किंवा पुढच्या अजेंड्यावर आणा म्हणतील. पहिल्यांदा आलेल्या माणसाला ही टोलवाटोलवी वाटते. ती कायद्याची अट आहे.

अजेंड्यावरची ओळ त्रोटक असते, वीसेक शब्दांची. खरा मजकूर तिला जोडलेल्या बोर्ड लेटरमध्ये असतो, म्हणजे खातेप्रमुखाने बोर्डाला लिहिलेल्या पत्रात. चार-पाच पानांचं पत्र सगळं वाचत बसू नका. पहिल्या पानावरची शिफारस वाचा, कारण मतदान तिच्यावरच होतं आणि पार्श्वभूमीत कितीही गोड लिहिलं असलं तरी ते बंधनकारक नसतं. मग थेट खर्चाच्या परिच्छेदावर जा. तिथे 'नेट काउंटी कॉस्ट' हा शब्दप्रयोग दिसेल: राज्याचं आणि केंद्राचं अनुदान वजा जाता काउंटीच्या स्वतःच्या तिजोरीतून किती जाणार तो आकडा. तो शून्य असेल तर विषयावर सहसा कुणी आक्षेप घेत नाही. कंत्राट वाढवण्याचा विषय असेल तर मूळ रक्कम, वाढ आणि नवी मुदत एकाच वाक्यात असतात. समजा मूळ दोन लाख डॉलरचं काम तिसऱ्या दुरुस्तीत सहा लाखांवर गेलंय, तर ते त्या एका वाक्यातच कळतं, आणि प्रश्न विचारायचा तो तिथेच.

प्रत्यक्ष बैठक अशी चालते. अलामेडाचं बोर्ड ओकलंडला १२२१ ओक स्ट्रीटवर बसतं, बैठका साधारणपणे मंगळवारी. हजेरी, राष्ट्रध्वजाला वंदन, कुणाचा सत्कार किंवा अमुक महिना तमुक आजाराच्या जागृतीसाठी असं जाहीर करणं. मग क्लार्क, म्हणजे बोर्डाचं कागदपत्र सांभाळणारा अधिकारी, सांगतो की कोणते विषय मागे घेतले आणि कोणते पुढे ढकलले. ही घोषणा लक्ष देऊन ऐका, नाहीतर पुढे ढकललेल्या विषयासाठी चार तास बसून राहाल.

त्यानंतर कन्सेन्ट कॅलेंडर. बोर्डाचं खरं रोजचं काम इथे उरकतं. कंत्राटं, अनुदानं स्वीकारणं, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणं, समित्यांवरच्या नेमणुका, रस्त्यावरच्या पार्किंगबंदीचे ठराव, असे कित्येक विषय एका सूचनेने, एका अनुमोदनाने आणि एकाच मतदानाने मंजूर होतात. विषय दहा असोत की साठ, चर्चा शून्य. दर थोड्या आठवड्यांनी 'स्थानिक आणीबाणी चालू ठेवणे' असा तोच तो विषय दिसला तर दचकू नका. वणवा किंवा पुरासाठी जाहीर केलेल्या आणीबाणीचा निदान दर ६० दिवसांनी फेरविचार करणं सक्तीचं आहे, म्हणून तो येत राहतो. कन्सेन्टमधल्या विषयावरही लोकांना मतदानाआधी बोलता येतं, आणि कुणी सुपरवायझर तो बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घेऊ शकतो. पण हे सगळं सुरुवातीच्या काही मिनिटांत होतं. पार्किंग शोधण्यात वेळ गेला की विषय हातचा गेला.

मध्येच अध्यक्ष म्हणतात की आता आपण पूरनियंत्रण डिस्ट्रिक्टचं बोर्ड म्हणून बसतोय, आणि तेच पाच जण त्याच खुर्च्यांवरून वेगळ्या संस्थेचे विषय घेतात. अग्निशमन डिस्ट्रिक्टचंही बऱ्याच काउंट्यांत तसंच. पैसा वेगळा, नोंदवही वेगळी, म्हणून हा सोपस्कार.

जाहीर सुनावण्यांना अजेंड्यावर वेळ दिलेली असते, पण तिचा अर्थ 'त्याआधी नाही' इतकाच. प्लॅनिंग कमिशनच्या (बांधकाम आणि जमीनवापराच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या मंडळाच्या) निर्णयावरचं अपील हा इथला नेहमीचा विषय. शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामाला तुमची हरकत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पुढे कोर्टात गेलात तर सुनावणीत किंवा त्याआधी लेखी मांडलेले मुद्देच तिथे उचलता येतात, आणि कोर्टात जायला सहसा ९० दिवसच मिळतात. म्हणून तोंडी दोनच मुद्दे बोला, पण पत्रात सगळे लिहून क्लार्ककडे द्या. नोटीस किमान १० दिवस आधी निघते, ३०० फुटांच्या आतल्या मालकांना. भाडेकरूला ती येईलच असं नाही.

ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक कायदा, एका बैठकीत होत नाही. आधी मांडणी, मग किमान पाच दिवसांनी मंजुरी, आणि त्यानंतर ३० दिवसांनी अंमल. तातडीचा असेल तर चार पंचमांश, म्हणजे पाचपैकी चार मतं. बजेट मंजूर झाल्यावर वर्षाच्या मध्येच नव्याने आलेले पैसे खर्चायला घ्यायलाही तीच चार मतं लागतात. बंद दाराआडची चर्चा कोर्टकज्जे, जमीन खरेदी-विक्रीचा भाव, नोकरवर्गाच्या वाटाघाटी अशा ठरावीक कारणांसाठीच होते, आणि बाहेर आल्यावर काय ठरलं ते सांगावं लागतं. ते एका वाक्यात सांगतात, तेही फारसं उपयोगाचं नसतं.

आता तुमचा स्टॉप साइन. माझं स्पष्ट मत असं की मीटिंगपासून सुरुवात करूच नका. तो ठराव जेव्हा केव्हा होईल तेव्हा कन्सेन्टमध्ये अर्ध्या मिनिटात होईल, कारण निर्णय त्याच्या कित्येक महिने आधी ट्रॅफिक इंजिनिअरच्या टेबलावर झालेला असेल. आधी काउंटीच्या पब्लिक वर्क्स एजन्सीकडे लेखी विनंती करा: दोन्ही रस्त्यांची नावं, कोणत्या बाजूने येणारी गाडी दिसत नाही, कशामुळे दिसत नाही (झुडूप, वळण, कोपऱ्यावर उभ्या व्हॅन), कोणत्या वेळी, आणि माहीत असतील तर अपघातांच्या तारखा. 'गाड्या फार वेगात जातात' हे मुख्य कारण म्हणून लिहू नका. स्टॉप साइन वेग कमी करण्यासाठी लावू नये असं वाहतूक चिन्हांच्या नियमपुस्तिकेतच आहे, आणि त्या एका वाक्यावर अर्ज परत येतो. इंजिनिअर बघतो ते वाहनांची ताशी संख्या, पादचारी, अपघातांची नोंद आणि चालकाला किती अंतरावरचं दिसतं ते. कधी कधी कोपऱ्यावर वीस फूट कर्ब (फुटपाथची कड) लाल रंगवून, म्हणजे तिथे गाडी उभी करायला बंदी घालून, काम भागतं, आणि ते बरंच लवकर होतं.

अर्जाची प्रत तुमच्या सुपरवायझरच्या ऑफिसला पाठवा. तिथल्या ज्या सहायकाकडे कॅस्ट्रो व्हॅली असेल त्याचं नाव विचारून घ्या. पाठपुरावा तोच करतो. कॅस्ट्रो व्हॅलीची स्वतःची म्युनिसिपल ॲडव्हायझरी कौन्सिल आहे. तिचं मत सल्ल्यापुरतं, पण ती जवळ भरते आणि तिथे ऐकायला वेळ असतो. एक पथ्य पाळा: तीन सुपरवायझरना वेगवेगळं भेटून एकाचं मत दुसऱ्याला सांगू नका. बहुसंख्य सदस्यांनी अशी साखळी करून बाहेर ठरवणं ब्राउन ॲक्टमध्ये बसत नाही, आणि तुमच्यामुळे त्यांची अडचण होते.

सहा-आठ महिने काहीच हललं नाही, किंवा इंजिनिअरच्या वाहतूक अभ्यासात नकार आला आणि तो तुम्हाला चूक वाटतो, तर मात्र बोर्डापुढे अजेंड्याबाहेरच्या विषयांच्या वेळेत बोला. वेळ सहसा दोन-तीन मिनिटं, गर्दी झाली की अध्यक्ष एक मिनिट करतात. म्हणून इंग्रजीत सुमारे १३० शब्दांचं निवेदन लिहून न्या, जास्त वेळ मिळाला तर वाढवता येईल. पहिल्या वाक्यात चौकाचं नाव, दुसऱ्यात अर्जाची तारीख आणि क्रमांक, तिसऱ्यात नेमकी मागणी: 'अभ्यासाचा अहवाल अमुक महिन्यापर्यंत बोर्डासमोर यावा.' पाच शेजारी असाल तर सगळ्यांनी तेच बोलण्यापेक्षा एकाने दिसण्याचं, एकाने शाळेच्या वेळेचं, एकाने अपघाताचं वाटून घ्या. फोटो असतील तर छापील प्रती क्लार्कला द्या, आयत्या वेळी पेन ड्राइव्ह पुढे केला तर सहसा घेत नाहीत.

ठराव अजेंड्यावर आला की बोर्ड लेटरमधलं चौकाचं वर्णन नकाशाशी ताडून बघा. साइन चारही बाजूंना की फक्त आडव्या रस्त्याला, हे तिथेच लिहिलेलं असतं, आणि त्यात चूक राहिली तर दुरुस्तीसाठी सगळं पुन्हा बोर्डाकडे जातं. मंजुरीनंतर ठरावाचा क्रमांक टिपून ठेवा आणि खांब कधी बसणार ते पब्लिक वर्क्सला तोच क्रमांक देऊन विचारा.