कुमक्वाट हे फळ सालीसकट खातात का, आणि चिनी नववर्षाला घरोघरी दिसणारे झाड त्याचेच असते का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्यातील फळांच्या दुकानात मिळालेले बोराएवढे नारिंगी फळ सोलून खायचे की सालीसकट, हाँगकाँगच्या छायाचित्रांत दारोदारी दिसणारी फळांनी लगडलेली कुंडीतील झाडे याच फळाची असतात का, आणि सण उरकल्यावर त्या झाडांवरची फळे खातात का. मी अकरा वर्षे हाँगकाँगमध्ये काउलून भागात राहिले आणि तेथील प्रत्येक हिवाळ्यात हे फळ घरात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाण्याचे कुमक्वाट आणि सणाचे कुमक्वाट यांना लोक एकाच नावाने ओळखत असले तरी ती बहुतेक वेळा दोन निराळी फळे असतात, आणि आपल्या तिन्ही प्रश्नांची गाठ तेथेच आहे.

आधी खाण्याविषयी. हे फळ सालीसकटच खायचे, किंबहुना सालीसाठीच खायचे. संत्र्याच्या किंवा मोसंबीच्या सालीखाली जाड, पांढरा, कडवट थर असतो, म्हणून आपण ती सोलून टाकतो. कुमक्वाटात हा थर अगदी पातळ असतो आणि साल गोड व सुगंधी असते, तर आतला थोडासा गर चांगलाच आंबट असतो. सवयीने साल काढून केवळ गर खाणाऱ्या माणसाला हे फळ आवडणे कठीण आहे, आणि पहिल्या हिवाळ्यात मीही तेच करून अर्धी पिशवी वाया घालवली होती. फळ स्वच्छ धुवावे, देठ काढावा, दोन बोटांत धरून आठ-दहा सेकंद हलक्या हाताने चोळावे म्हणजे सालीतील तेल मोकळे होते, आणि मग अख्खे तोंडात टाकून सावकाश चावावे. प्रथम सालीचा उग्र वास नाकात भरतो, लगेच आंबट रस येतो, आणि चावत राहिले की सालीचा गोडवा त्या आंबटपणावर मात करतो. या तीन चवी एकामागून एक येतात, म्हणून फळाचे तुकडे करून न खाता ते अख्खेच खावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बिया चावल्या तर कडू लागतात, त्या थुंकून टाकाव्यात. साल पोटात जात असल्यामुळे तंतुमय भागही भरपूर मिळतो. १०० ग्रॅम फळात तो सुमारे साडेसहा ग्रॅम असतो आणि क जीवनसत्त्व सुमारे ४४ मिलिग्रॅम असते.

दुकानात साधारणपणे दोन आकार दिसतात. लांबट फळाला जपानी नावावरून नागामी म्हणतात. ते अधिक आंबट असते आणि मुरंब्याला उत्तम. गोल फळ मेइवा जातीचे असते, त्याची साल जाड आणि गोड असते, आणि नुसते खायचे असेल तर हेच घ्यावे. हाँगकाँगच्या बाजारात या गोल फळाला ‘सोन्याचे अंडे’ अशा अर्थाचे नाव आहे. चीनच्या ग्वांगशी प्रांतातील रोंगआन तालुक्यातून येणारे गुळगुळीत सालीचे कुमक्वाट मला सर्वांत आवडले, कारण त्याच्या सालीतील तेलाचा झणका अगदी कमी असतो. त्याच प्रांतातील यांगशुओच्या बागांमध्ये फळे पिकू लागली की झाडांवर पांढरे प्लास्टिक अंथरतात, कारण पिकत्या फळावर पाऊस पडला तर साल तडकते, आणि साल तडकलेल्या कुमक्वाटाला काही किंमत उरत नाही. जपानमध्ये मियाझाकी प्रांतात ती हरितगृहात वाढवतात आणि फूल आल्यापासून २१० दिवसांहून अधिक काळ झाडावरच पिकू देतात. ‘तामातामा’ या नावाने विकली जाणारी ती फळे एखाद्या मिठाईसारखी गोड लागतात. आपल्याकडे आयात झालेले फळ कोणते आहे हे खोक्यावर लिहिलेले असेलच असे नाही, तेव्हा गोल, हाताला जड लागणारे, देठापाशीही हिरवेपणा नसलेले आणि सुरकुती नसलेले फळ निवडावे. त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत असतो.

वनस्पतिशास्त्रात या फळाने बराच प्रवास केला आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये त्याला लिंबूवर्गात घातले. १८४६ मध्ये ब्रिटिश वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी ते युरोपात नेले, म्हणून १९१५ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी फॉर्च्यून यांच्या नावाने ‘फॉर्च्युनेला’ ही वेगळी प्रजाती केली. आणि आता बहुतेक अभ्यासक ते पुन्हा लिंबूवर्गातच मोजतात.

आता सणाविषयी. कुमक्वाट हा शब्दच कँटोनीज ‘गम ग्वत’ यावरून आला आहे. त्यातील ‘गम’ म्हणजे सोने, आणि ‘ग्वत’ हा फळवाचक शब्द ‘गत’ म्हणजे शुभ, भाग्य, या शब्दाच्या इतका जवळ आहे की हाँगकाँगमध्ये या फळाचे नाव बहुधा त्या शुभ अक्षराचा भाग असलेल्या चिन्हानेच लिहितात आणि तसेच उच्चारतात. त्यामुळे दारात फळांनी भरलेले झाड ठेवणे म्हणजे दारात सोने आणि भाग्य ठेवणे. शब्दाच्या उच्चारावर एवढा भार कशासाठी, असे बाहेरच्या माणसाला वाटेल, पण मराठी माणसाला वाटू नये. आपल्या घरात बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, तो ‘शांत’ करतात. आणि घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणाले तर आजी ‘येतो म्हण’ असे सांगते. कँटोनीज लोक हेच करतात. त्यांच्या भाषेत ‘रिकामे’ या अर्थाचा शब्द ‘अशुभ’ या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराला ते ‘शुभ घर’ म्हणतात, आणि त्यातही हाच ‘गत’ शब्द आहे. ज्या भाषेत रिकाम्या घराचीही अशी काळजी घेतली जाते, तेथे नववर्षाच्या फळाचे नाव ऐकताना लोक किती हळवे होत असतील याची कल्पना आपण करू शकतो.

हे नववर्ष अमावास्येला धरून येते, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास, आणि अधिक मासाचा हिशेब वेगळा पडला की २०२६ प्रमाणे फाल्गुनाच्या तोंडावर. त्याआधीचे दोन आठवडे हाँगकाँगमधील मोंगकॉकच्या फुलबाजारात कुंड्यांमधून वाट काढणे अवघड होते. झाडे शक्यतो जोडीने घेतात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवतात. फांद्यांना लाल पाकिटे बांधतात. फळे भरघोस हवीत, पाने गर्द हिरवी हवीत, आणि एक-दोन कळ्या असतील तर दुधात साखर. व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या सणाला हनोईकडील घरांत असेच झाड ठेवतात आणि तेथे पिकलेली फळे, हिरवी फळे, फुले आणि कोवळी पालवी एकाच झाडावर असण्याला फार मान आहे, कारण ते एका छपराखाली नांदणाऱ्या पिढ्यांचे चिन्ह मानले जाते.

मात्र या कुंड्यांमधील फळ नीट पाहिले तर ते सहसा आपण पुण्यात घेतलेले फळ नसते. हाँगकाँगमध्ये सर्वाधिक खपणारे झाड ज्याला ‘चार ऋतूंचे’ अशा अर्थाचे नाव आहे ते, म्हणजे कॅलामोंडिन असते, जे कुमक्वाट आणि संत्र्याच्या कुळातील मँडरिन यांच्या संकरातून झालेले आहे; त्याखालोखाल शेंदरी रंगाची मोठी मँडरिन दिसतात, आणि खरे गोल कुमक्वाट त्यांच्यानंतर. ओळख सोपी आहे. कॅलामोंडिनची साल पातळ असते, ती संत्र्यासारखी सुटून येते, आणि आत लिंबासारखा भरपूर आंबट रस असतो. हनोईच्या कुंड्यांतही बहुतांशी हेच झाड असते. आपल्याकडील रोपवाटिकांमध्ये ‘चायना ऑरेंज’ म्हणून जे शोभेचे झाड विकतात तेही बहुधा हेच, तेव्हा गच्चीत ते लावून त्याची फळे सालीसकट खाण्याची अपेक्षा ठेवू नये. सरबताला मात्र ती चांगली.

या झाडांमागचे कष्ट मला त्यांच्या शोभेपेक्षा मोठे वाटतात. फळ सणाच्या आठवड्यातच पिवळे-नारिंगी व्हायला हवे, आधी झाले तर गळते, उशिरा झाले तर हिरव्या फळाचे झाड कोणी घेत नाही, आणि सणाची तारीख दरवर्षी हलते. दक्षिण चीनमध्ये शुंद भागातील चेनत्सुन येथे ही झाडे पिढ्यान्पिढ्या वाढवली जातात. तेथील माळी उन्हाळ्यात काही दिवस पाणी तोडतात, पाने मलूल झाली की पुन्हा पाणी देतात, आणि मग झाड एकदम फुलावर येते. नागपूर-अमरावतीकडील संत्रा बागायतदाराला यात नवीन काही वाटणार नाही. आंबिया किंवा मृग बहार धरण्यासाठी तो बाग ताणावर सोडतो ती हीच युक्ती आहे. फरक इतकाच की नागपूरच्या शेतकऱ्याला बाजारभावाकडे पाहायचे असते आणि चेनत्सुनच्या माळ्याला चांद्र पंचांगातील एका दिवसाकडे. तो दिवस चुकला तर वर्ष गेले. हनोईत लाल नदीच्या काठी तू लिएन येथे अशाच बागा आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानंतर नदीला पूर आला आणि तेतला साडेचार महिने उरलेले असताना त्या बागा पाण्याखाली गेल्या. लिंबूवर्गातील झाडाची मुळे काही दिवस पाण्यात बुडून राहिली की झाड वाचत नाही, हे आपल्याकडे कोणताही बागायतदार सांगेल.

सणानंतर झाडावरची फळे खातात का, याचे माझे उत्तर ‘खाऊ नयेत’ असे आहे. ही झाडे शोभेसाठी वाढवलेली असतात, फळ टिकावे आणि चकचकीत दिसावे म्हणून त्यांच्यावर खाण्याच्या फळाला न चालणारी औषधे फवारलेली असू शकतात, आणि पंधरा दिवस दिवाणखान्यात धूळ खाल्लेले फळ तसेही चांगले राहत नाही. जुन्या लोकांचा रिवाज निराळा होता. आमच्या शेजारच्या आजींकडे (मी त्यांना इतरांप्रमाणे ‘पो पो’ म्हणत असे) काचेच्या बरणीत मिठात मुरवलेली कुमक्वाटे होती, काही तर वीस वर्षांची, रंगाने जवळजवळ काळी. पूर्वी त्या झाडावरचीच फळे घेत, अलीकडे मुद्दाम बाजारातून खाण्याची आणत. घसा बसला की त्यातील एक फळ गरम पाण्यात कुस्करून, मध घालून त्या मला देत. पहिला घोट घेतला तेव्हा मला माझ्या आईच्या फडताळातील खारवलेले जुने लिंबू आठवले, जे अजीर्णावर कणभर देतात. चवीत आणि उद्देशातही ती दोन्ही सख्खी भावंडे वाटावीत इतकी जवळ आहेत.

टिकवण्याची याहूनही जुनी आणि मला फार आवडणारी एक रीत अकराव्या शतकातील चिनी विद्वान ओउयांग श्यू यांनी नोंदवून ठेवली आहे. जिआंगशी प्रांतातील ही फळे तेव्हाची राजधानी कायफेंग येथे येऊ लागली, तेव्हा सुरुवातीला त्यांना विशेष भाव नव्हता. सम्राट रेनझोंग यांच्या एका राणीला ती अतिशय आवडू लागली आणि किंमत चढली. ज्यांना फळे बरेच दिवस ठेवायची असत ते ती हिरव्या मुगात पुरून ठेवत, कारण फळ उष्ण आणि मूग थंड, असे सांगितले जाई. हा हिशेब आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात लगेच पटेल. मी मुगाच्या डब्यात बारा फळे ठेवून पाहिली होती, आणि तीन आठवड्यांनंतर त्यांतील नऊ खाण्याजोगी निघाली.

आपल्या खोक्यातील अर्धी फळे नुसती खावीत आणि अर्ध्यांचा मुरंबा करावा. अर्धा किलो फळांना उभ्या चार-पाच चिरा द्याव्यात, उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून ते पाणी टाकून द्यावे म्हणजे कडवटपणा जातो, टोकदार काडीने चिरांमधून बिया काढाव्यात, आणि तीनशे ग्रॅम साखर व फळे बुडतील इतके पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. जपानमध्ये नववर्षाच्या खास जेवणात अशीच पाकातली कुमक्वाटे वाढतात. मी त्यात दोन वेलदोडे घालते.

शेवटी आमच्याच सणाचे सांगते, कारण तो प्रश्न आपण विचारला नसला तरी पुण्यात त्याचा उपयोग होईल. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ नेमका या फळाच्या भरहंगामाचा असतो. हाँगकाँगमध्ये आम्हाला बोरे सहज मिळत नसत, म्हणून सुगडात गाजर, हरभरा आणि उसाच्या कांड्यांबरोबर मी कुमक्वाटे घालू लागले आणि हळदीकुंकवाला मुरंब्याच्या लहान बरण्या वाण म्हणून लुटल्या. मुलाच्या बोरन्हाणालाही चुरमुरे, हलवा आणि उसाच्या करव्यांमध्ये बोरांच्या जागी हीच फळे होती. पो पो आजी मुद्दाम पाहायला आल्या होत्या. त्याच्या डोक्यावरून फळे ओतली तेव्हा त्यांनी हात जोडून ‘गत, गत’ असे दोनदा म्हटले, आणि जमिनीवर घरंगळलेली कुमक्वाटे गोळा करून मुलांनी ती तिथेच, सालीसकट, खाऊन टाकली.