लेकरू मांडीवर आणि पट्टा कुणाला? : वाचक विचारतात

गेल्या अंकात सुट्टीच्या प्रवासावर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती बहुतेक एकाच विषयाची, विमानात लहान पोरं आणि एअर होस्टेसबरोबरची भांडणं. बरोबर आहे म्हणा, पूर्वी आपण बेंगलोरला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जायचो, पोरगं रडलं तर समोरची मावशी पिशवीतनं बिस्कीट काढून द्यायची. आता सांबऱ्यातनं, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं उडतोय. तिकिटाचा धंदा करते म्हणून ही भांडणं माझ्या काउंटरवर रोज येतातच, त्यातली चार इथं घेतलीत.

ताई, माझे मिस्टर मिलिटरीत आहेत, पोस्टिंग उत्तरेत. गेल्या महिन्यात चौदा महिन्यांच्या लेकाला घेऊन मी एकटीच सांबऱ्याहून दिल्लीला गेले. दात येतायत म्हणून दोन रात्री झोपला नव्हता, विमानात बसल्यावर छातीच्या कॅरिअरमध्ये आत्ता कुठं डोळा लागलेला. तेवढ्यात एअर होस्टेस आली आणि बाळाला बाहेर काढा म्हणाली. मी म्हटलं उठेल हो, राहू दे की, तर ती इंग्लिशमधनं भराभरा बोलालती, मला अर्धं कळंना. शेवटी एक छोटा पट्टा हातात ठेवून गेली. पोरगं उठलं ते तासभर रडालतं, सगळे माझ्याकडं बघालते. मी पण चिडून चार शब्द बोलले. कॅप्टनला सांगते म्हणाली. आता माझं नाव नो-फ्लाय लिस्टमध्ये, म्हणजे विमानबंदीच्या यादीत टाकतील काय? आणि चूक कुणाची? (एक आई, खानापूर)

वहिनी, आधी भीती काढते. एअर होस्टेस म्हणाली आणि नाव लिस्टमध्ये गेलं असं होत नाही. 2017 च्या नियमात तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, घाणेरडे हातवारे, दारू पिऊन गोंधळ याला तीन महिन्यांपर्यंत बंदी. अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतेल असं काही केलं तर दोन वर्षं किंवा जास्त. आणि त्यालाही पायलटची लेखी तक्रार लागते, मग निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखालची कमिटी बसते, तिनं तीस दिवसांत निकाल द्यायचा. झोपमोड झाली म्हणून चिडलेली आई हे काही त्यातलं प्रकरण नव्हे. शिव्या दिल्या नसतील तर निवांत राहा.

आता चूक. वाईट वाटून घेऊ नका, पण कॅरिअर काढायला सांगितलं ते तिचं बरोबरच होतं. विमान पळताना जोराचा ब्रेक लागला तर तुमचं अंग पुढं जातं, आणि बाळ कुठं असतं, तुमच्या आणि समोरच्या सीटच्या मध्ये. म्हणजे तुमच्याच वजनाखाली. आपलाच पट्टा दोघांच्या भोवती गुंडाळतात ना, त्यातही हाच धोका. नुसतं हातानं घट्ट धरीन म्हणाल तर दहा किलोचं लेकरू तसल्या झटक्यात तीस-चाळीस किलोचं होतं, कुठली आई धरणार. म्हणून तो छोटा पट्टा, तो तुमच्या पट्ट्यात अडकवायचा आणि बाळाच्या पोटाभोवती वेगळा लावायचा.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. 1989 च्या जुलैमध्ये अमेरिकेत युनायटेड कंपनीचं 232 नंबरचं विमान सू सिटीला आदळलं, त्यात चार लेकरं मांडीवरची होती. तेव्हाच्या शिकवणीप्रमाणं क्रूनं पालकांना सांगितलं की पोरं पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्यातलं एक गेलं. त्याची आई परत त्या विमानाकडं निघाली तेव्हा तिला अडवलं ते चीफ फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउननं, जिनं तशी सूचना दिली होती तिनंच. पुढं कित्येक वर्षं ती बाई लहानग्यांना वेगळी सीट आणि वेगळा पट्टा द्या म्हणून सरकारशी भांडत राहिली. गंमत बघा, त्या मांडीच्या पट्ट्यावर जगाचं अजून एकमत नाही, युरोपात तो लागतोच आणि अमेरिकेत चालत नाही, तिथं म्हणतात स्वतंत्र सीट घेऊन त्यावर मुलांची कार सीट लावा तेच सगळ्यात सुरक्षित. पण तुमच्यासमोर उभ्या असलेल्या पोरीला ह्यातलं काही ठरवायचं नसतं, तिच्या कंपनीच्या पुस्तकात जे आहे ते टेकऑफच्या आधी करून घ्यायचं असतं, हातात पाच मिनिटं आणि बघायच्या दीडशे-पावणेदोनशे सीटा.

मात्र सांगायची पद्धत ही वेगळी तक्रार आहे आणि ती तुम्ही जरूर करा. आपल्या भागातनं चढणाऱ्या बाईला मराठी येतं, कानडी येतं, हिंदी मोडकंतोडकं येतं, आणि तिच्या बाळाच्या जिवाची गोष्ट तिला समजत नाही अशा भाषेत भराभरा सांगायची, हे काय बरोबर आहे? कंपनीला लिहा, नाहीतर सरकारच्या एअरसेवा ॲपवर टाका. पण नियम चुकीचा होता असं लिहू नका, तसं लिहिलं की दुसरी तक्रार पण वाया जाते. पुढच्या वेळी चढल्याचढल्या स्वतःच छोटा पट्टा मागून घ्या, बाळाला जागं असतानाच बांधा, सीटबेल्टचा दिवा विझला की मग खुशाल कॅरिअरमध्ये घाला.

आम्ही चौघं, मुलं चार आणि सात वर्षांची. सीटचे पैसे भरले नाहीत म्हणून चौघं चार ठिकाणी. एअर होस्टेस म्हणते तुम्हीच लोकांना विनंती करा. खिडकीजवळचा एक माणूस हलायला तयार नाही, त्याच्याशी वाजलं. हे कुठलं शास्त्र? (एक बाप, निपाणी)

दादा, तो माणूस पैसे भरून बसला असेल, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. भांडायचं काउंटरवर. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान खात्यानं सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाप, किंवा सोबतचं मोठं माणूस, कुणातरी एकाजवळ सीट द्यायचीच. चौघं एकत्र असं नाही हं, एकाजवळ. आणि अट एकच, सगळी एका पीएनआरवर पाहिजेत.

इथं आमच्याच धंद्याचं पाप सांगते. स्वस्तातल्या दोनच सीटा उरल्या असल्या आणि चार मागितल्या की कॉम्प्युटर चारही महागातल्या दाखवतो. मग एजंट दोन-दोन करून काढतो, गिऱ्हाईकाचे चार पैसे वाचतात आणि पीएनआर होतात दोन. आई-बाप एकावर आणि पोरं दुसऱ्यावर अशी तिकिटं मी स्वतः बघितलीत! तुमचं तिकीट काढून बघा. एकच पीएनआर असेल तर कंपनीला लेखी विचारा. आणि इमर्जन्सी दाराजवळची रांग पोरांसाठी मागू नका, पाय पसरायला जागा असते खरी, पण तिथं पोरांना बसवत नाहीत, पैसे दिले तरी.

मागच्या सीटवरचं पोरगं पूर्ण प्रवासभर लाथा मारालतं. क्रूला दोनदा सांगितलं, नुसती हसून गेली. (एक काका, टिळकवाडी)

काका, क्रू पोराला पट्टा लावायला सांगू शकते, वळण लावायला नाही. तुम्हीच मागं वळून पोराशी आजोबासारखं दोन शब्द बोला, आई-बापांना टोचून बोललात की संपलं. आणि एक लक्षात ठेवा, काही पोरं हट्टी नसतात, त्यांना तो आवाज, ती गर्दी सहन होत नाही. 2022 च्या मे महिन्यात रांचीला अशाच एका विशेष मुलाला तो घाबराघुबरा झालाय म्हणून कंपनीच्या माणसांनी विमानात चढूच दिलं नाही. बाकीचे पॅसेंजर त्या घराच्या बाजूनं उभे राहिले, आणि डीजीसीएनं कंपनीला पाच लाख दंड ठोकला. त्यानंतर नियम बदलला, आता असल्या माणसाला डॉक्टरनं तपासल्याशिवाय कंपनीला परत पाठवता येत नाही.

नातीसाठी नाचणीची पेज फ्लास्कमधनं नेली तर सिक्युरिटीत अडवतील काय? (एक आजी, वडगाव)

नाही आजी, लहान बाळाचं खाणं-दूध प्रवासापुरतं नेता येतं. फक्त बॅगेच्या तळाशी ठेवू नका, विचारायच्या आधी काढून दाखवा, उघडा म्हणाले तर उघडा, भांडू नका. चांगली गार करून भरा. आणि सगळी चढतानाच पाजून संपवू नका. विमान उतरताना कान दडतात, मोठ्यांना मुद्दाम जांभई देता येते, बाळाला तशी येत नाही. गिळलं की कान मोकळे होतात, तेव्हा सीटबेल्टचा दिवा परत लागला की नातीला पट्ट्यातच बसवून चमच्या-चमच्यानं सुरू करा. त्या वेळी एअर होस्टेस टेबल मिटवायला सांगेल, फ्लास्क हातात धरायला सुनेला द्या.